त्या दोन पानांवर काय लिहू?

(पत्र मोठं आहे. ओळख पटेल असा तपशील वगळून सारांश देत आहे.)

पत्रलेखिका दोन मुलांची आई. मुलगी दहा वर्षांची, मुलगा साडेसात. मुलगा झाला त्याच वर्षी नवऱ्याच्या नोकरीमुळे हे कुटुंब अनोळखी शहरात राहायला गेलं आणि तिने स्वतःची नोकरी सोडली. नवरा सकाळी लवकर जाई, रात्री उशिरा येई. घरात सामान फारसं नव्हतं, चौघं जमिनीवर एकाच मोठ्या गादीवर झोपत. नवरा आज चारचौघांत त्या वर्षाचा विषय काढतो तो ‘आपलं सगळ्यात सुंदर वर्ष’ असं म्हणूनच. त्या वर्षाच्या फोटोंचं पुस्तक तो मुलांसाठी करतो आहे. ‘सुरुवातीची दोन पानं तू लिही, तुझी भाषा चांगली आहे,’ असं त्याने बायकोला सांगितलं आहे.

तिला ते वर्ष आठवतं ते विहिरीच्या तळाशी बसून काढल्यासारखं. जागरणं, बाथरूममध्ये नळ सोडून रडणं, दिवसभरात एकाही मोठ्या माणसाशी न बोलणं. आणि एक दुपार. बाळ दीड महिन्याचं होतं, काही केल्या रडायचं थांबेना. मुलगी झोपली होती. तिने बाळाला पाळण्यात ठेवलं, दार ओढून घेतलं आणि वीस मिनिटं गॅलरीत जाऊन उभी राहिली. हे तिने आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ती विचारते: ‘गोड गोड खोटं लिहू, की खरं लिहून त्याच्या सुंदर वर्षाची माती करू?’

खाली एक ता. क. आहे: ‘मुलगी तेव्हा अडीच वर्षांची. स्वतःला धड बोलता येत नव्हतं, पण पुस्तक उलटं धरून बाळाला गोष्ट वाचून दाखवायची. नवऱ्याने हे कधी पाहिलेलं नाही.’

---

पुस्तकाचं नंतर बघू. आधी त्या वीस मिनिटांचं बोलू, कारण पत्राचा सगळा भार मला तिथेच जाणवला.

टी. बेरी ब्रेझल्टन या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी 1962 साली 80 बाळांच्या रडण्याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. आयांनी घरी लिहून ठेवलेल्या नोंदी होत्या त्या. धडधाकट, पोट भरलेली बाळंसुद्धा दुसऱ्या आठवड्यापासून जास्त जास्त रडत गेली, सहाव्या आठवड्याच्या सुमारास रडणं शिगेला पोहोचलं आणि मग ओसरलं. सहाव्या आठवड्यात दिवसाला साधारण पावणेतीन तास. तुमचा मुलगा तेव्हा किती दिवसांचा होता ते तुम्हीच लिहिलं आहे: दीड महिन्याचा. तुमच्या हाताला गुण नव्हता, दूध कमी पडत होतं, तुम्ही आई म्हणून कमी पडत होतात, असं त्या दिवसांत जे जे वाटलं असेल, त्यातलं बरंचसं त्या वयाचं होतं.

आता दुसरी गोष्ट. असं रडणारं बाळ आणि कोसळायला आलेली आई किंवा बाबा समोर असतील, तर बालरोगतज्ज्ञ काय सांगतात? भूक, ओलं लंगोट, ताप हे बघून झालं, तरी रडणं थांबत नाही आणि आपला तोल जातोय असं वाटलं, तर बाळाला सुरक्षित जागी उताणं ठेवा, दार लावा, काही मिनिटं दुसरीकडे जा, श्वास जागेवर आणा, मग परत येऊन बघा. सांगतात ते एका भीषण कारणासाठी. थकल्या हातांनी रागाच्या भरात बाळाला गदागदा हलवलं, तर काही सेकंदांत त्याच्या मेंदूला कायमची इजा होऊ शकते. तुम्ही काय केलंत? पाळण्यात ठेवलंत, दार ओढलंत, बाजूला झालात, परत आलात. कुणी शिकवलेलं नसताना नेमकं जे करायला हवं ते केलंत, आणि साडेसात वर्षं ते गुन्हा म्हणून मनात दडवून ठेवलंत.

वीस मिनिटं जरा जास्त झाली, मध्ये एकदा डोकावायला हवं होतं, असं कुणी म्हणेल, आणि त्याचं चुकीचं नाही. पण मला शंका आहे ती त्या विसाचीच. घड्याळ बघितलं होतं का? दाराआड मूल रडत असताना आठ मिनिटंसुद्धा चाळीस वाटतात. असो. हिशेब तिथे सोडू या.

आता तुमचा प्रश्न. ‘गोड खोटं की कडू खरं’ ही जोडी तुम्ही माझ्यासमोर ठेवलीत, तिथेच मी अडखळले. नवरा सांगतो ते खोटं, हे तुम्ही गृहीत धरलं आहे. एक साधं काम करा. त्या पुस्तकात जाणारे फोटो फोनमध्ये किंवा संगणकावर असतील, तर प्रत्येक फोटोची वेळ आणि वार बघा. माझा अंदाज असा की जवळजवळ सगळे रात्री आठनंतरचे किंवा सुट्टीच्या दिवशीचे निघतील. तो घरी असायचाच तेव्हा. दार उघडलं की मुलगी पायाला येऊन बिलगणार, बाळाला अंगावर घेतलं की ते त्याच्या शर्टाची गुंडी पकडणार, मग चौघं गादीवर. त्याच्या वाट्याला त्या वर्षाचा जो तुकडा आला, तो खरंच सुंदर होता. त्याने तो रचलेला नाही. तुमच्याकडे दुपारचे तीन आणि पहाटेचे तीन आले, आणि त्या वेळांचे फोटो कुणी काढत नाही.

पुढचं बोलणं कदाचित आवडणार नाही. आठवणीवर काम करणारे लोक गेली नव्वदेक वर्षं एकच गोष्ट निरनिराळ्या तऱ्हेने सांगत आले आहेत: आठवण कपाटातून काढावी तशी निघत नाही, दर वेळी ती नव्याने जुळवली जाते. फ्रेडरिक बार्टलेट यांनी 1932 मध्येच हे मांडलं. लोकांना एक परकी, विचित्र गोष्ट वाचायला देऊन ते ती पुन्हा पुन्हा सांगायला लावत. प्रत्येक सांगण्यात अडचणीचे कोपरे गळत आणि गोष्ट सांगणाऱ्याच्या ओळखीच्या साच्यात बसत जाई. 1997 साली काही संशोधकांनी सहलीला निघालेल्यांना सहलीआधी, सहलीत आणि सहलीनंतर विचारलं. त्यात तीन आठवड्यांच्या एका सायकल सहलीला गेलेले विद्यार्थीही होते. वाटेत कुरकुर होती, घरी आल्यावर सहल छान झाली होती. तुमच्या नवऱ्याचं वर्ष चारचौघांत सांगून सांगून असंच गुळगुळीत झालं असणार. चारचौघांत कोण टोकदार गोष्टी सांगतं?

पण न सांगितलेली आठवणही जशीच्या तशी राहत नाही. ती आपण स्वतःला सांगत असतो, बहुतेक वेळा रात्री, आणि समोर हो-नाही म्हणायला कुणी नसतं. तुमचं पत्र वाचताना मला असं वाटलं की या साडेसात वर्षांत तुम्ही त्या वर्षाबद्दल एक खटला तयार करत आणला आहे. पुरावे नीट लावलेले आहेत. आणि खटल्याला अडचणीचं होईल असं जे जे होतं, ते बाजूला राहिलं. उलट्या पुस्तकाची गोष्ट पत्रात मावली नाही, ती ता. क. मध्ये आली. मला मात्र आख्ख्या पत्रात सगळ्यात जिवंत तेच वाक्य वाटलं.

हे मी शहाणपणाने सांगत नाहीये. माझ्या पहिल्या मुलाच्या वेळी मी एक वही ठेवली होती, दूध किती वाजता, लंगोट किती, एवढीच. त्यातला एक आठवडा मी वर्षानुवर्षं ‘माझ्या आयुष्यातला सगळ्यात वाईट आठवडा’ म्हणून लोकांना ऐकवत आले. पुढे घर आवरताना वही सापडली. त्या आठवड्यातल्या बुधवारी, दुधाच्या रकान्यात, माझ्याच अक्षरात: ‘हसला. दोनदा.’ मला ते आजही आठवत नाही. आठवडा वाईट नव्हता असं त्यातून ठरत नाही. वाईट होताच. पण त्यात बुधवारही होता.

तुम्हाला खरं म्हणजे हवंय काय? पत्र परत परत वाचून माझं मत असं झालं आहे की पुस्तकात काय छापलं जातं याचं तुम्हाला एवढं दुःख नाही. नवऱ्याला माहीतच नाही, याचं आहे. तसं असेल तर ही गोष्ट पुस्तकाच्या हाती देऊ नका. छापलेल्या पानावर ती त्याला पहिल्यांदा कळली, मुलं शेजारी बसलेली असताना, तर त्याच्यासाठी ती चपराक होईल आणि तुम्हाला जे हवं ते मिळणारही नाही.

आधी त्याला सांगा. तो पानं लावत बसलेला असताना नको, आणि ‘सुंदर वर्ष’ हे शब्द त्याच्या तोंडून नुकतेच बाहेर पडलेले असताना तर मुळीच नको. दोघं चालायला जाता का कधी? चालताना बोलणं सोपं जातं, एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. सुरुवात त्याच्या बाजूने करा: ‘तू त्या वर्षाबद्दल बोलतोस ते मला आवडतं. माझं वर्ष जरा वेगळं गेलं, ते तुला कधी सांगितलंच नाही.’ आणि मग गॅलरीची दुपार. नुसती ती दुपार सांगा, सगळं वर्ष नको. वर्ष सांगायला गेलात की त्यात ‘नेहमी’ आणि ‘कधीच’ हे शब्द येतील, आणि ते आले की तो बचावाला उभा राहील.

तो म्हणेल, ‘तेव्हाच का नाही सांगितलंस?’ जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो. त्यात राग थोडा आणि ओशाळलेपण जास्त असतं. उत्तर आधी जुळवून ठेवा, नाहीतर त्या एका प्रश्नावर सगळं बोलणं घसरेल. खरं उत्तर बहुधा साधंच असेल: सांगायला शब्द नव्हते, आणि तू आलास की घर हसायचं, ते मोडवत नव्हतं.

एक सावधगिरी. कॅनडातल्या रॉस आणि सिकोली या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये 37 जोडप्यांना वेगवेगळं बसवून विचारलं, घरातलं कुठलं काम किती तुम्ही करता? दोघांच्या उत्तरांची बेरीज केली की बहुतेक कामांत ती शंभर टक्क्यांच्या वर जायची. फुशारकी म्हणावी, तर भांडण सुरू करण्यासारख्या गोष्टींतही लोक आपला वाटा जास्त सांगत होते. आपण केलेलं आपल्याला दिसलेलं असतं, दुसऱ्याने केलेलं अर्धं आपल्या पाठीमागे घडतं. तेव्हा तुमचं सांगून झालं की त्याला विचारा, ‘त्या वर्षी तुला कशाची भीती वाटायची?’ नवी नोकरी, नवं शहर, चार माणसांचं पोट त्याच्या एकट्यावर. त्याच्याही मनात एखादा बंद खण असू शकतो, आणि तुम्हीही तो कधी उघडलेला नसेल. नसेलच काही, तर नसेल. पण विचारा.

आणि त्याने हसण्यावारी नेलं तर? ‘तू उगाच मनाला लावून घेतेस,’ म्हणाला तर? होऊ शकतं. मग ती दोन पानं लिहायला तुम्ही बांधलेल्या नाही आहात. ‘प्रस्तावना तू लिही, मी फोटोंखालच्या ओळी लिहिते,’ म्हणा. ओळींमध्ये खोटं लिहावं लागत नाही. कोण, कुठे, किती वाजता, अंगावर काय होतं, एवढं पुरतं. पण त्या नकारात वर्षाचा निकाल शोधू नका. एकाच संध्याकाळी ऐकून घेता येईल एवढी लहान ती गोष्ट नाही. काही माणसं तिसऱ्या दिवशी, भांडी आवरताना, आपणहून विषय काढतात.

मुलांचं काय? मोठ्या माणसांना विचारलं तर सगळ्यात जुनी आठवण साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या वयातली निघते. म्हणजे मुलाला त्या वर्षातलं काहीही आठवणार नाही आणि मुलीला, असलाच, तर एखादा कवडसा. त्यांच्यासाठी हे पुस्तक म्हणजेच ते वर्ष असणार. त्यामुळे त्यात निव्वळ साखर नको, हे तुमचं म्हणणं मला पटतं. एमरी विद्यापीठातल्या मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश यांनी मुलांना घरच्या इतिहासाबद्दल वीस प्रश्न विचारले होते. आईबाबा कुठे भेटले, घरात कोणावर काय संकट आलं, असे. ज्यांना जास्त माहीत होतं, ती मुलं स्वतःबद्दल जास्त खंबीर आढळली. गोष्टी सांगितल्यामुळेच मुलं खंबीर होतात असं त्यातून सिद्ध होत नाही. जिथे मोकळेपणाने बोललं जातं अशा घरात मुळात बऱ्याच गोष्टी बऱ्या असतात. तरी घरात एक अवघड वर्ष आलं होतं आणि ते सरलं, हे मुलांना कळल्याने त्यांचं काही बिघडत नाही.

बिघडू शकतं ते वेगळ्याच जागी. साडेसात वर्षांचा मुलगा ‘मी झालो आणि आई रडायला लागली’ असं सरळ गणित मांडतो. म्हणून वाक्य नीट बांधा: ‘त्या वर्षी आईला झोप मिळत नव्हती आणि नव्या गावात तिचं कुणी नव्हतं, म्हणून ती खूप थकायची, कधी रडायचीसुद्धा.’ कारण झोप आणि एकटेपण, बाळ नव्हे. त्याने तरी विचारलंच, ‘माझ्यामुळे?’ तर जवळ घेऊन ‘नाही’ म्हणा आणि तेवढ्यावर थांबा, स्पष्टीकरण देत बसू नका.

गॅलरीची दुपार पुस्तकात नको. त्याला मी लपवणं म्हणणार नाही. आईवडिलांच्या आयुष्यात मुलांची नसलेली एखादी खोली असते. पण ती कायमची कुलूपबंद करायची गरज नाही. तुमची मुलगी किंवा मुलगा उद्या रडतं बाळ हातात घेऊन हतबल उभं असेल, त्या दिवशी ही गोष्ट त्यांना फार उपयोगी पडेल. तेव्हा सांगा, विसाचे आठ न करता.

लिहायचं कसं, याबद्दल थोडं. पानं दोन आहेत ना? मग डावं त्याचं आणि उजवं तुमचं. दोघांनी एकमेकांना न दाखवता लिहायचं, मग शेजारी शेजारी छापायचं, आणि जुळत नाही तिथे जुळवायचं नाही. वाक्यं ‘ते वर्ष असं होतं’ने सुरू करू नका, ‘मला आठवतं ते असं’ने करा. निम्मं भांडण तिथेच मिटतं. वर्षावर लिहू नका, एका दिवसावर लिहा, शक्यतो सुट्टी नसलेल्या. पहिला मसुदा कुणालाच न दाखवायचा, त्यात हवी तेवढी विहीर येऊ दे. लिहिण्याआधी जुने निरोप चाळा, बाळाच्या वजनाची आणि लसीची नोंद बघा, पहाटे कुणाला काय पाठवलं होतं ते बघा. तिथे तुमची बाजू सापडेल, आणि एखादा बुधवारही.

जे वाचक आत्ता अशाच वर्षात आहेत, त्यांच्यासाठी दोन गोष्टी. फोन अधूनमधून दुसऱ्याच्या हातात द्या, म्हणजे दिवसभर जो मुलांबरोबर असतो तोही फोटोत येईल, पारोशा अवतारात आला तरी. आणि दिवसाला एक ओळ, कसल्याही कागदावर.

एक गोष्ट मात्र वेगळी ठेवून सांगते. बाळंतपणानंतरचं नैराश्य पहिल्याच महिन्यात येतं असं नाही, पहिल्या वर्षात ते केव्हाही सुरू होऊ शकतं, आणि ते बरं होणारं दुखणं आहे. ते ओळखायला एडिंबरा येथे तयार झालेली दहा साध्या प्रश्नांची यादी 1987 पासून वापरात आहे. डॉक्टर ती विचारू शकतात. बाबांनाही ते होतं, आणि 2010 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा प्रमाण दहात एकाच्या आसपास निघालं. तुम्हाला तेव्हा ते झालं होतं का, हे पत्रावरून मला सांगता येणार नाही, आणि सांगूही नये. पण ती विहीर आजही अधूनमधून दिसत असेल, झोप असून झोप लागत नसेल, तर ही दोन पानं राहू द्या आणि आधी डॉक्टरांना भेटा. आणि कुणाच्या मनात स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचा विचार येत असेल, तर त्याने आजच, आत्ता, घरातल्या कुणाला तरी सांगावं, एकटं राहू नये आणि तातडीने डॉक्टरांकडे जावं.

आता ते उलटं पुस्तक. त्याचा फोटो नसणार, कारण तेव्हा घरात फोटो काढायला कुणी नव्हतं आणि तुमचे हात रिकामे नव्हते. मुलीला विचारून उपयोग नाही, तिला आठवायचं नाही. बाळ ऐकत होतं, पण ते साक्षीला येणार नाही. ती गोष्ट कुठली होती, पान उलटताना ती काय म्हणायची, बाळ रडायला लागलं की थांबायची की आवाज वाढवायची, हे अख्ख्या जगात फक्त तुम्हाला माहीत आहे. उजवं पान तिथून सुरू करता येईल.